हजेरी आणि काम

आमच्या शाळेचा दिवस प्रार्थनेने सुरू होतो आणि त्यानंतरचे पहिले काम हजेरीचे असते. शिक्षक नाव उच्चारतात, मुलगा 'हजर' म्हणतो आणि पटावर एक खूण पडते. या खुणेने एवढेच सिद्ध होते की, मुलगा बाकावर बसलेला आहे. त्याचे चित्त गणितात आहे की खिडकीबाहेरच्या चिंचेवर, हे पटाला ठाऊक नसते. मोठ्या माणसांच्या जगातही फारसे निराळे चालत नाही. गिरणीत मस्टर होते, कचेरीत सहीचे पुस्तक होते, हल्ली अंगठ्याचा ठसा घेणारे यंत्र असते. पण त्या सर्वांमागची समजूत एकच, ती ही की, ठराविक जागी ठराविक वेळ हजर राहणे म्हणजे नोकरी करणे होय. या समजुतीस निदान दीडशे वर्षे कोणी फारसा धक्का लावला नव्हता. 2020 साली कोविडच्या महामारीने जगातील कोट्यवधी लोकांचे हजेरीपट एका महिन्यात मिटवून टाकले, आणि तेव्हापासून व्यवसायांचे चालक व त्यांचे नोकर यांच्यात एक वाद चालू आहे: हजेरी म्हणजेच काम काय? आणि नसेल, तर काम मोजावे कशाने?

त्या वादाची हकीकत यंदाच्या अंकात सांगण्याचे आम्ही योजिले आहे. आमच्या दहावीच्या वर्गातील मुले आणखी काही वर्षांनी ज्या जगात पोटापाण्यासाठी उतरतील, त्या जगाचे नियम या वादातून ठरत आहेत. आणि त्यांचे आईबाप तर त्यात भरडून निघालेलेच आहेत.

जागतिक आरोग्य संघटनेने 11 मार्च 2020 रोजी या रोगास महामारी म्हटले. 24 मार्चच्या रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी टाळेबंदीची घोषणा केली आणि अवघ्या चार तासांनी सारा देश घरात बसला. त्याच्या काही दिवस आधी महाराष्ट्र सरकारने जो साथरोग कायदा लागू केला होता तो 1897 सालचा. हा कायदा जन्मला तो मुंबईच्या प्लेगपायी; आणि त्या प्लेगात गिरणीमालक व कामकरी यांची जी ओढाताण झाली ती ध्यानात घेतली, म्हणजे 2020 नंतरच्या पुष्कळ गोष्टी उलगडतात. म्हणून प्रथम थोडे मागे जाऊ.

1896 च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी ग्रंथिक सन्निपाताचा, म्हणजेच प्लेगचा, रोगी ओळखला. पुढील फेब्रुवारीपर्यंत आठ लाखांवर वस्तीच्या त्या शहरातून जवळजवळ निम्मे लोक निघून गेले. त्या काळी गिरणीत पगार महिन्याचा असे, आणि तोही पुढचा महिना बराच सरल्यावर हाती पडे. त्यामुळे कामकऱ्याची काही आठवड्यांची कमाई सदैव मालकाकडे अडकलेली राही, आणि ती सोडून तो सहसा कोठे जात नसे. प्लेगने ही दोरी तोडली. उद्याचा दिवस दिसेल की नाही याची ज्यास खात्री नाही, तो पुढच्या महिन्याच्या पगाराची वाट कशाला पाहील? मागे उरलेले कामकरी रोजचा पैसा रोज मागू लागले, आणि मालकांना तो द्यावा लागला. रस्त्याच्या कोपऱ्यावर उभे राहून एका गिरणीचा माणूस दुसऱ्या गिरणीच्या कामकऱ्यांस चढी बोली देऊन नेऊ लागला. अशी ओढाओढ करू नये म्हणून मालकांनी आपसांत ठराव करून पाहिले. पण ज्याचे चाक बंद पडले त्यास ठरावाची आठवण किती राहणार! साथ ओसरू लागताच मालक महिन्याच्या पगारावर परत आले, आणि रोजची मजुरी बंद केली म्हणून संपही झाले.

म्हणजे मालकांचे मन पालटले नाही, केवळ काही महिने नाइलाज झाला, असे कोणी म्हणेल. पुष्कळ अंशी ते खरे आहे. तथापि एक गोष्ट मागे उरली. कामकरी ज्या अंधाऱ्या, कोंदट खोलीत राहतो त्या खोलीचा गिरणीच्या नफ्याशी संबंध आहे, ही गोष्ट शहराच्या धुरीणांच्या ध्यानात आली, आणि 1898 साली मुंबईत इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने रुंद रस्ते काढले, दादर-माटुंग्याकडे वस्तीच्या योजना आखल्या, चाळी बांधल्या. (त्याने बांधल्यापेक्षा पाडलेली घरे अधिक, अशी तक्रार तेव्हापासून आहे, आणि ती निराधार नाही.)

आता 2020 कडे वळू. टाळेबंदीच्या पहिल्याच सकाळी काम करणाऱ्या लोकांचे दोन भाग पडले. ज्यांचे काम पिशवीत घालून घरी नेता येत होते ते एक, आणि ज्यांचे काम यंत्रापाशी, रस्त्यावर, बांधकामावर किंवा दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात अडकलेले होते ते दुसरे. महामारीने कामाचे जग कसे बदलले याविषयी जे काही लिहिले गेले त्यातील बहुतेक पहिल्यांविषयी आहे, आणि त्याचे कारण उघड आहे: लिहिणारे त्यांच्यातलेच होते. आम्ही शिक्षकही त्यांच्यातच मोडलो. मोबाईलच्या पडद्यावर मुलांची नावे लिहिलेल्या काळ्या चौकटी पाहून आम्ही हजेरी घेत होतो, आणि चौकटीच्या मागे मूल आहे की नाही हे आम्हांस कळत नव्हते. चाळीस मुले 'हजर' आणि एका प्रश्नाला उत्तर देणारे एकच, असा प्रकार आम्ही पुष्कळदा अनुभवला आहे. तेव्हा कचेऱ्यांच्या चालकांस जी धास्ती वाटली तिची आम्हांस कल्पना आहे.

आपल्याकडील संगणक-कंपन्यांचा पालट सर्वांत झपाट्याचा होता. तत्पूर्वी दूरध्वनीवरून ग्राहकांस सेवा देणाऱ्या कंपन्यांना नोकरांस घरून काम करू देणे सरकारी नियमांनी फार अवघड केले होते. मार्च 2020 मध्ये ते नियम तात्पुरते सैल झाले आणि 5 नोव्हेंबर 2020 रोजी कायमचे सोपे करण्यात आले. वर्षानुवर्षे अर्ज करून जे मिळाले नसते ते एका विषाणूने मिळवून दिले. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या कंपनीत तेव्हा साडेचार लाखांच्या आसपास माणसे होती. त्यांतील फार मोठा भाग काही आठवड्यांत घरून काम करू लागला, आणि कंपनीचे तत्कालीन प्रमुख राजेश गोपीनाथन यांनी जाहीर केले की, 2025 पर्यंत एका वेळी चौथा हिस्सा नोकरांहून अधिक माणसे कचेरीत असण्याची गरज उरणार नाही. ट्विटरचे जॅक डॉर्सी यांनी मे 2020 मध्ये त्याहून पुढे जाऊन, ज्यांचे काम घरून होण्यासारखे आहे त्यांनी हवे तर कायमचे घरूनच करावे, असे सांगितले. उलट नेटफ्लिक्सचे रीड हेस्टिंग्ज यांनी त्याच वर्षी आपल्याला यात काहीही भले दिसत नाही असे स्पष्ट म्हटले, आणि गोल्डमन सॅक्स या पेढीचे डेव्हिड सॉलोमन यांनी 2021 च्या आरंभी ही सारी एक विकृत अवस्था असून ती होईल तितक्या लवकर दूर केली पाहिजे, असा अभिप्राय दिला.

दोन्ही बाजूंची ही माणसे बुद्धिमान, अनुभवी आणि कोट्यवधींचा व्यवहार सांभाळणारी. मग त्यांचे मत इतके भिन्न का? आमच्या मते याचे उत्तर असे की, त्यांच्यापैकी कोणीही मोजून बोलत नव्हते. प्रत्येक जण आपल्या स्वभावाप्रमाणे व आपल्या धंद्याच्या सोयीप्रमाणे बोलत होता. मोजणारे लोक निराळे होते, आणि विशेष हे की, त्यांनी मोजण्यास महामारीच्या दहा वर्षे आधीच आरंभ केला होता. ती गोष्ट मुलांनी लक्ष देऊन वाचावी, कारण विज्ञानाच्या तासाला आम्ही ज्यास 'नियंत्रित प्रयोग' म्हणतो तो माणसांच्या व्यवहारात कसा करतात, हे तीत दिसते.

चीनमधील शांघाय शहरात प्रवासाची तिकिटे व हॉटेलांच्या खोल्या राखून देणारी सीट्रिप नावाची मोठी कंपनी आहे. तिच्या समूहाचे नाव पुढे ट्रिप डॉट कॉम असे झाले. तिचे एक संस्थापक जेम्स लियांग हे अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात अर्थशास्त्राचा अभ्यास करीत होते, आणि तेथील प्राध्यापक निकोलस ब्लूम यांच्याशी त्यांची ओळख झाली. शांघायमध्ये जागेची भाडी वाढत चालली होती. नोकरांस घरून काम करू दिले तर भाडे वाचेल, परंतु ते घरी बसून आळस करतील काय, असा कंपनीपुढे प्रश्न होता. प्रश्नाचे उत्तर वादाने न शोधता प्रयोगाने शोधावे असे ठरले. दूरध्वनीवर काम करणाऱ्या नोकरांतून जे राजी होते, ज्यांना कामाचा पुरेसा अनुभव होता आणि ज्यांच्या घरी स्वतंत्र खोली होती, असे 249 जण निवडले. त्यांतून घरी कोणी बसावे हे साहेबांच्या मर्जीवर ठेवले नाही, कारण मग लाडकी किंवा हुशार माणसेच एका बाजूस गोळा झाली असती. ज्यांची जन्मतारीख सम अंकाची, ते आठवड्यातील चार दिवस घरून काम करतील; ज्यांची विषम, ते पूर्वीप्रमाणे कचेरीत येतील, अशी विभागणी केली. जन्मतारखेचा आणि आळसाचा काही संबंध नाही, म्हणून दोन्ही गट सारखे धरता आले.

2010 च्या डिसेंबरात सुरू झालेला हा प्रयोग नऊ महिने चालला. घरून काम करणारांचे काम 13 टक्क्यांनी वाढले. त्यातील 9 टक्के वाढ ते अधिक मिनिटे कामावर होते म्हणून झाली: मधल्या सुट्या कमी, आजारपणाच्या रजा कमी. उरलेले 4 टक्के दर मिनिटास अधिक दूरध्वनी घेतल्यामुळे, कारण घरी गोंगाट कमी होता. नोकरी सोडून जाणारांचे प्रमाण निम्म्यावर आले. येथेच गोष्ट संपली असती तर घरून काम करण्याच्या पक्षाचा जय झाला असे म्हणता आले असते. परंतु प्रयोग संपल्यावर ज्यास जे हवे ते निवडण्याची मुभा दिली, तेव्हा घरी बसलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे लोक आपण होऊन कचेरीत परत आले. कारण विचारता पुष्कळांनी एकटेपणा हेच सांगितले. शिवाय, सारखेच काम करून दाखवले तरी घरी बसणारांस बढती कमी मिळते, हेही आढळून आले. डोळ्यांसमोर नसलेला माणूस साहेबांच्या मनातूनही उतरतो, हे प्रयोगाने आकड्यांत सिद्ध झाले.

महामारीनंतर याच कंपनीने दुसरा प्रयोग केला. 2021 च्या ऑगस्टपासून सहा महिने 1612 नोकरांवर तो चालला. हे लोक दूरध्वनीवरचे नव्हते, तर अभियंते, हिशेबनीस, विक्रीची योजना करणारे असे पदवीधर होते. यावेळी विषम जन्मतारखेचे लोक बुधवारी आणि शुक्रवारी घरून काम करतील, बाकीचे तीन दिवस कचेरीत येतील, असे ठरले. पुढील दोन वर्षांच्या कामाचे मूल्यमापन आणि बढत्या पाहता दोन्ही गटांत फरक दिसला नाही. मात्र नोकरी सोडून जाणारांचे प्रमाण एक तृतीयांशाने घटले, आणि ही घट विशेषतः स्त्रियांत व लांबून येणारांत अधिक होती. नवा माणूस घेऊन त्यास शिकवण्याचा खर्च पाहता कंपनीचे लक्षावधी डॉलर वाचले.

परंतु आम्हांस या सर्वांहून मोलाची वाटते ती एक लहानशी नोंद. प्रयोगापूर्वी त्या कंपनीतील 395 अधिकाऱ्यांस, या पद्धतीने कामावर काय परिणाम होईल, असे विचारले होते. त्यांच्या अंदाजांची सरासरी 2.6 टक्के घट अशी आली. प्रयोगानंतर त्यांनाच पुन्हा विचारले, तेव्हा त्यांचे मत 1 टक्का वाढ असे झाले होते. फरक आकड्याने लहान आहे. पण अधिकाऱ्याने आपले मत चुकले होते हे मान्य करणे ही गोष्ट लहान नाही. व्यवसायांच्या चालकांचा दृष्टिकोन बदलला असे सरसकट म्हटले जाते. तो खरोखर बदललेला पाहावयाचा असेल तर आमच्या माहितीत तो येथे आहे. हा वृत्तांत 2024 साली 'नेचर' या प्रसिद्ध शास्त्रीय नियतकालिकात आला.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आशियातील एका मोठ्या संगणक-सेवा कंपनीच्या दहा हजारांवर नोकरांचा अभ्यास झाला. त्यात असे दिसले की, टाळेबंदीत सारेच जण घरी बसले तेव्हा त्यांचे कामाचे तास वाढले, पण हातून निघणारे काम मात्र किंचित घटले. म्हणजे तासामागची निपज 8 ते 19 टक्क्यांनी उतरली. सलग बसून काम करण्याचा वेळ बैठकांनी खाल्ला, आणि ज्यांच्या घरी लहान मुले होती त्यांचे अधिक हाल झाले. चेन्नईत आकडे व मजकूर संगणकात भरणाऱ्या लोकांवर प्रयोग झाला त्यातही, पूर्णपणे घरून काम करणारांची निपज 18 टक्के कमी भरली. शांघायच्या नोकरास स्वतंत्र खोली असणे ही प्रयोगाची अट होती, हे येथे आठवावे. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात आजोबा, दोन मुलांचे वर्ग, कुकरची शिटी आणि साहेबांची बैठक ही सारी एकाच वेळी नांदत होती. त्या घरातील स्त्रीस तर कचेरी आणि चूल यांमधले तासाभराचे लोकलचे अंतर, जे तिचे एकटीचे होते, तेही उरले नाही.

म्हणून सरळ हो किंवा नाही असे उत्तर मिळत नाही. कोणते काम, आठवड्यातील किती दिवस, कोणाच्या घरी, हे विचारावे लागते. परंतु चालकांपैकी पुष्कळांस इतका धीर नव्हता. 2022 साली मायक्रोसॉफ्टने अकरा देशांतील वीस हजार लोकांस विचारून एक पाहणी केली. तीत 87 टक्के नोकरांनी आपण चोख काम करतो असे सांगितले, आणि त्याच वेळी 85 टक्के चालकांनी अशी कबुली दिली की, नव्या पद्धतीत नोकर काम करीत आहेत असा भरवसा बाळगणे कठीण जाते. कामाचे आकडे समोर असूनही भरवसा नव्हता, कारण भरवसा ठेवण्याची जी जुनी खूण, म्हणजे भरलेली कचेरी, ती डोळ्यांआड झाली होती. मत्तयकृत शुभवर्तमानात परदेशी जाणाऱ्या धन्याचा जो दृष्टांत आहे त्यात धनी चाकरांच्या हाती धन सोपवून निघून जातो आणि परत आल्यावर हिशेब मागतो. मध्यंतरी कोण किती वाजता उठले हे तो विचारीत नाही. मात्र त्या दृष्टांतात पैसे जमिनीत पुरून ठेवणारा चाकरही आहे, आणि चालकांचे डोळे बहुधा त्याच्यावरच खिळलेले होते.

ओहोटी लवकरच सुरू झाली. ज्या ट्विटरने कायम घरून कामाची मुभा दिली होती, तेथे 2022 च्या नोव्हेंबरात नवे मालक इलॉन मस्क यांनी सर्वांस कचेरीत बोलावले. ज्या झूम कंपनीच्या साधनाने जगाने घरून बैठका घेतल्या, तिनेच 2023 मध्ये जवळपास राहणाऱ्या आपल्या नोकरांस आठवड्यातून दोन दिवस कचेरीत येण्यास सांगितले! अॅमेझॉनने 2025 च्या जानेवारीपासून पाचही दिवस हजेरी मागितली. टाटा कन्सल्टन्सीने 2023 च्या ऑक्टोबरात बहुतेकांस पाच दिवस परत आणले, आणि 2024 मध्ये तिमाही वेतनातील कमीजास्त होणारा भाग हजेरीशी बांधला: 85 टक्क्यांहून अधिक हजेरी असेल तर तो पुरता, 60 टक्क्यांहून कमी असेल तर मुळीच नाही. बोर्डाच्या परीक्षेस बसण्यासाठी आम्ही 75 टक्के हजेरी पाहतो. पंचवीस वर्षांच्या अभियंत्यास त्याहून कडक नियम लागलेला पाहून मुलांस कदाचित समाधान वाटेल.

यात चालकांचा केवळ हट्ट होता असे आम्ही म्हणणार नाही. नवशिका माणूस शेजारच्या जाणत्याकडे पाहून जे शिकतो ते पडद्यावरून शिकवता येत नाही, हे शिक्षकाइतके कोणास ठाऊक आहे? 2020 नंतर नोकरीस लागलेल्या कित्येक तरुणांनी आपल्या वरिष्ठांस वर्ष-दीड वर्ष प्रत्यक्ष पाहिलेच नव्हते. पण जो नियम बाविशीच्या शिकाऊ मुलास लागू पडतो तोच वीस वर्षांच्या अनुभवी बाईस लावला जातो, तेव्हा तो नियम शिकवण्याचा राहत नाही, नुसता मोजण्याचा होतो.

आता त्या दुसऱ्या भागातील लोकांविषयी. एकाची हजेरी थांबली की तिच्या आधाराने जगणाऱ्या दहांचे काम थांबते. मुंबईचे डबेवाले 2020 च्या मार्चमध्ये थांबले, कारण डबा खाणाराच कचेरीत नव्हता. त्यांतील पुष्कळ मावळ, मुळशी, जुन्नर, राजगुरुनगर या आपल्या गावांकडे परतले, आणि लोकल व कचेऱ्या पुन्हा भरू लागल्यावरही त्यांची संख्या पूर्वीइतकी झाली नाही. कारण जो माणूस आठवड्यातून दोनच दिवस कचेरीत जातो तो महिन्याचा डबा लावीत नाही. हिंजवडीच्या रस्त्यावरील चहाच्या टपऱ्या, नोकरांची ने-आण करणारे गाडीवाले, कचेऱ्यांचे झाडूवाले यांचे हेच झाले. शुल्कसवलतीच्या अर्जात 'पालकाचा व्यवसाय' असा एक रकाना असतो. त्या वर्षी आमच्याकडे आलेल्या कित्येक अर्जांत त्या रकान्यात जुना व्यवसाय लिहून त्यापुढे 'सध्या बंद' असे दोन शब्द लिहिलेले होते.

परप्रांतीय मजुरांचे हाल सर्वांनी पाहिले. कारखाना बंद, खोलीचे भाडे चालू, गाडी नाही. म्हणून ते पायी निघाले. 8 मे 2020 च्या पहाटे, जालन्याच्या पोलाद कारखान्यातून मध्य प्रदेशाकडे निघालेले सोळा मजूर, औरंगाबादजवळ (आता छत्रपती संभाजीनगर) करमाडच्या शिवारात रुळांवरच थकून झोपले असता, मालगाडीखाली मरण पावले. रुळांवर त्यांच्या भाकरी पसरलेल्या होत्या. मजुरांसाठी 1 मेपासून सोडलेल्या खास गाड्यांनी पुढे साठ लाखांवर लोक आपापल्या प्रांतात गेले.

आणि मग जून महिन्यात, कारखाने उघडल्यावर, 1897 चाच देखावा निराळ्या वेषात दिसला. माणसे नव्हती! ज्या मालकांस कालपर्यंत मजुराचे नाव ठाऊक नव्हते, ते ठेकेदाराकडून त्याचा मोबाईल क्रमांक मागू लागले. कोणी बस पाठवली, कोणी आगाऊ पैसे पाठवले, कोणी विमानाचे तिकीट काढून दिले. त्याच वेळी दुसऱ्या बाजूने काही प्रांतांत कामाचा दिवस बारा तासांचा करण्याच्या अधिसूचना निघाल्या. गुजरातची अधिसूचना 1 ऑक्टोबर 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली आणि जादा तासांचे पैसे देण्यास सांगितले. एक हात तिकीट पुढे करतो आणि दुसरा तास वाढवतो, असा हा प्रकार.

8 जुलै 2020 रोजी केंद्र सरकारने शहरांतील मजुरांसाठी परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना मंजूर केली. एकशे बावीस वर्षांपूर्वी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट ज्या कारणाने निघाला तेच हे कारण. 2021 च्या ऑगस्टात असंघटित कामगारांची नोंद करण्यासाठी ई-श्रम नावाची सोय झाली, आणि तीत पुढे तीस कोटींहून अधिक लोकांनी नावे नोंदवली. एवढी माणसे देशाच्या कोणत्याच हजेरीपटावर नव्हती, हे कळण्यास महामारी यावी लागली. नोंद झाल्याने पोट भरत नाही हे खरे. पण पुढील संकटात त्यांचा शोध तरी घेता येईल.

नाताळच्या सुटीत आमचे माजी विद्यार्थी शाळेत भेटावयास येतात. एक जण हिंजवडीस आठवड्यातून तीन दिवस जातो आणि बाकीचे दिवस आईच्या शेजारी बसून काम करतो. दुसरा चाकणच्या मोटारींच्या कारखान्यात तिन्ही पाळ्यांत काम करतो. त्याच्या हजेरीत 2020 च्या त्या थोड्या आठवड्यांखेरीज काहीच बदलले नाही, आणि घरून काम हा शब्द तो हसून उच्चारतो. गेल्या वर्षी तिसऱ्या एका मुलीसंबंधाने तिच्या होणाऱ्या मालकांकडून आम्हांस शिफारसपत्राची मागणी आली. पूर्वी अशा पत्रात मुलगी नियमित व वेळेवर हजर राहते काय, एवढे विचारीत. यावेळी त्यांनी विचारले होते की, तिच्यावर कोणी लक्ष ठेवीत नसताना दिलेले काम ती पुरे करते काय. आम्ही सवयीने कपाटातून जुना हजेरीपट काढला, आणि मग तो परत ठेवून तिच्या वह्या आठवू लागलो.